बुडालेल्यांचे जहाज : 'कालेउचे' कसे वाचावे?

लोककथांच्या अभ्यासावर स्टिथ थॉम्प्सन यांच्या कल्पनाबंध-सूचीचे मोठे ऋण आहे. १९३२ ते १९३६ या काळात प्रथम निघालेली आणि १९५५ ते १९५८ मध्ये सुधारून वाढविलेली ही सूची नसती, तर देशोदेशींच्या कथा एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याची सोय आपल्याला झाली नसती. या सूचीत 'भुताचे जहाज' शोधायचे तर 'मृत' या विभागात जावे लागते. तेथे त्याचा क्रमांक ई ५३५.३ असा आहे. मत्स्यकन्या मात्र 'प्राणी' या विभागात, बी ८१ येथे सापडते. दोन वेगळी अक्षरे, दोन वेगळे खंड. बहुतेक कथांच्या बाबतीत या वाटणीने काही बिघडत नाही. परंतु दक्षिण चिलीतील चिलोए या द्वीपसमूहात एक दंतकथा अशी आहे, की तिच्यात मत्स्यकन्यांच्या हातून बुडालेली माणसे जहाजावर पोचतात आणि त्या जहाजाचे खलाशी होतात. ही कथा सूचीत नोंदवायची म्हटले की तिचे दोन तुकडे होतात आणि त्यांना जोडणारा दुवा कोणत्याच खंडात जात नाही.

प्रस्तुत लेखात आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे, की 'कालेउचे' या जहाजाच्या कथेचा आशय या दुव्यातच आहे. आपल्या साहित्याच्या वर्गांत तुलनेच्या नावाखाली जे चालते, ते बहुधा हा दुवा तोडूनच चालते. त्याची किंमत कोण मोजतो, याचाही विचार व्हावा.

प्रथम स्थळाविषयी. चिलोएचे मुख्य बेट सुमारे १८० किलोमीटर लांब आहे. पश्चिमेस उघडा पॅसिफिक, पूर्वेस लहान बेटांनी भरलेला आतला समुद्र आणि उत्तरेस मुख्य भूमीपासून वेगळे करणारी चाकाओची अरुंद सामुद्रधुनी. विल्लिचे आणि चोनो हे येथील मूळचे लोक. फळ्या शिवून केलेल्या 'दाल्का' नावाच्या होड्यांतून त्यांचा वावर असे. १५६७ मध्ये स्पॅनिश लोकांनी येथे कास्त्रो हे नगर वसविले. चिलीने १८१८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केल्यावरही चिलोए स्पेनच्याच बाजूने राहिले आणि १८२६ मध्ये तहानंतर चिलीत सामील झाले. पाऊस, धुके, भरती-ओहोटीचा मोठा फरक आणि लाकडी नावा यांचा हा मुलूख. येथे समुद्र हाच रस्ता होता, शेतही तोच आणि पुष्कळांच्या बाबतीत स्मशानही तोच.

या समुद्रात, दाट धुक्याच्या रात्री, कालेउचे दिसते असे सांगतात. हे शिडांचे मोठे जहाज पांढरे असून दिव्यांनी लखलखत असते. त्यावरून वाद्यांचा आणि मेजवानीचा आवाज येतो. ते पाण्यावर चालते तसेच पाण्याखालीही चालते, क्षणात दूर जाते, आणि कोणी पाठलाग केलाच तर वाहता ओंडका किंवा खडक होऊन बसते. त्याचे खलाशी समुद्रसिंहाचे वा पक्ष्याचे रूप घेऊ शकतात. त्याच्याकडे टक लावून पाहणाऱ्याचे तोंड वाकडे होते, अशीही समजूत आहे. मापुदुंगुन भाषेतील 'रूप बदलणे' आणि 'माणसे' या अर्थांच्या शब्दांपासून या नावाची व्युत्पत्ती सामान्यतः सांगितली जाते. म्हणजे नावात जहाज नाहीच. आहेत ती रूप पालटलेली माणसे. आमच्या मते ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता मत्स्यकन्यांकडे येऊ. समुद्राचा अधिपती मियालोबो हा अर्धा माणूस आणि अर्धा समुद्रसिंह. वेंचुला नावाच्या मानवी स्त्रीपासून त्याला तीन अपत्ये झाली : पिनकोया, तिचा भाऊ पिनकोय आणि 'सिरेना चिलोता' म्हणजे चिलोएची मत्स्यकन्या. यांतील पिनकोयाच्या जन्माची कथा विलक्षण आहे. वेंचुला तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी येते, तिला पांघरुणाखाली ठेवते आणि कोणीही तिच्याकडे पाहू नये असे बजावून बाहेर जाते. आजी-आजोबांना राहवत नाही. पांघरूण उचलून पाहतात तो बाळाचे निर्मळ पाणी झालेले असते. आई ते पाणी समुद्रात नेऊन ओतते आणि त्यातून पिनकोया तरुण स्त्रीच्या रूपाने उभी राहते. समुद्राच्या या कन्येची पहिली हकीकतच अशी की तिच्या घरच्यांनी तिला गमावले आहे. ज्या आईने हे सोसले तिची मुलगी पुढे इतरांच्या गमावलेल्या मुलांना उचलून नेते. कथेने या दोन गोष्टी एका घरात ठेवल्या आहेत आणि हा योगायोग असेल असे आम्हांस वाटत नाही.

पिनकोयाला माशाचे शेपूट नाही. समुद्रशेवाळ नेसलेली ही स्त्री आहे. ती किनाऱ्यावर नाचते. नाचताना तिचे तोंड समुद्राकडे असेल तर मासळी आणि शिंपले भरपूर मिळणार. डोंगराकडे असेल तर टंचाई. एकाच जागी फार काळ आणि फार ओरबाडून शिंपले काढले, तर ती रुष्ट होते व ती जागा वांझ होते. शेपूट आहे ते धाकट्या सिरेनाला आणि तिच्याकडे माशांचे कळप राखण्याचे काम आहे. मराठीत आपण या दोघींनाही 'मत्स्यकन्या' किंवा 'जलपरी' म्हणून मोकळे होतो. हे शब्द वापरण्यास आमची हरकत नाही, दुसरे शब्द आपल्याकडे नाहीतच. पण 'जलपरी' म्हणताच वाचकाच्या मनात अँडरसनची १८३७ सालची कथा उभी राहते : राजपुत्रावरचे प्रेम, आवाजाचा त्याग, अमर आत्म्याची ओढ. ती एका व्यक्तीच्या इच्छेची कथा आहे. चिलोएच्या या बहिणींना कोणा एका खलाशाची अभिलाषा नाही. त्यांच्याकडे काम आहे. एक भरभराट आणते, दुसरी कळप राखते आणि वादळात नाव बुडाली की तिघे भावंडे माणसांना वाचवण्याची खटपट करतात. वाचवता आले नाही, तर ते मृतदेह अलगद उचलून कालेउचेवर नेऊन पोचवतात. तेथे ती माणसे पुन्हा जिवंत होतात आणि जहाजाचे खलाशी होऊन दिव्यांच्या आणि गाण्याच्या सोबतीत राहतात. काही कथनांत असेही येते, की त्यांना वर्षातून एकदा घरच्यांना भेटून धीर देण्याची आणि काही धन देण्याची मुभा असते.

जहाजाचे आणि मत्स्यकन्यांचे हे नाते प्रेमाचे वा मोहाचे नाही. युलिसिसच्या गोष्टीतल्या सायरेन खलाशांना गाण्याने मरणाकडे ओढतात. येथे मरण आधी येऊन गेलेले असते आणि ही भावंडे नंतर येतात. ज्या हातातून अन्न येते त्याच हातातून मृतांची ने-आण होते. कोळ्याला समुद्र पोसतो आणि गिळतोही, हे विधान आपण सर्वच करतो. कालेउचेच्या कथेने मात्र ते अमूर्त राहू न देता एका कुटुंबाकडे जबाबदारी म्हणून सोपविले आहे.

पाश्चात्त्य वाचकांसाठी लिहिलेल्या परिचयांत कालेउचेला हटकून 'चिलीचा फ्लाइंग डचमन' म्हटले जाते. या उपमेला इतिहासाचा थोडा आधारही दाखवता येतो. १६०० मध्ये बाल्टाझार द कोर्देस या डच चाच्याने कास्त्रो काबीज केले होते आणि १६४३ मध्ये हेंड्रिक ब्राउवर यांच्या डच मोहिमेने पुन्हा हा मुलूख लुटला. परक्या, दिव्यांच्या, अचानक उगवणाऱ्या जहाजांची धास्ती लोकस्मृतीत राहिली असेल, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. परंतु या स्पष्टीकरणाने फार तर जहाज कोठून आले हे समजते. त्यावर बेटावरचीच बुडालेली माणसे का आहेत, याचे उत्तर मिळत नाही. शिवाय दोन कथांची दिशाच उलट आहे. डचमनची कथा, वाग्नरच्या १८४३ साली रंगमंचावर आलेल्या संगीतिकेतही, एका कप्तानाच्या उद्दामपणाची आणि शापाची कथा आहे. त्याला बंदर हवे आहे आणि ते मिळत नाही. कालेउचेवरच्या बुडालेल्यांना कोणताही शाप नाही. त्यांनी काही पाप केलेले नाही. वारा फिरला एवढेच. त्यांच्या दृष्टीने जहाज हेच बंदर आहे. डचमनच्या उपमेने आपण नकळत या निरपराध माणसांवर अपराध लादतो.

येथवर वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, ही तर सांत्वनकथा झाली. दुःखितांनी स्वतःची घातलेली समजूत. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे. कारण कथेची दुसरी बाजू तितकीच पक्की आहे. १९१४ मध्ये फ्रान्सिस्को हाविएर कावादा यांचा चिलोएविषयीचा ग्रंथ आणि १९१५ मध्ये हुलिओ विकुन्या सिफुएन्तेस यांचा चिलीतील मौखिक परंपरेचा संग्रह प्रसिद्ध झाला. तेव्हापासून लिखित नोंदींत आलेल्या कथनांत कालेउचे हे 'ब्रुहो' म्हणजे चेटक्यांचे जहाज आहे. ते माणसांना पळवून नेते. काही कथनांतल्या खलाशांचा एक पाय मागे वळवून पाठीला लावलेला असतो, आणि जहाजाचे गुपित फुटू नये म्हणून त्यांची स्मृती हिरावून घेतलेली असते. एकाच जहाजावर एकीकडे गाणारे, सुखी, घरी भेटीस येणारे खलाशी आणि दुसरीकडे पंगू, विसरभोळे गुलाम!

संपादक अशा वेळी एक पाठ 'मूळ' आणि दुसरा 'भ्रष्ट' ठरवून मोकळे होतात. आम्हांस दोन्ही पाठ एकत्र वाचावेसे वाटतात, आणि तसे वाचले की एक फरक नजरेत भरतो : ज्या कथनांत पिनकोया आणि तिची भावंडे माणसाला जहाजावर आणतात, तेथे त्याला सुख आणि घरची आठवण दोन्ही मिळतात. ज्या कथनांत जहाज स्वतःच माणसाला ओढून नेते, तेथे त्याची आठवण जाते. हा आमचा अन्वयार्थ आहे. कथाकारांनी तो नियम म्हणून सांगितलेला नाही. पण तो ग्राह्य धरला तर मत्स्यकन्यांचे कथेतील स्थान स्पष्ट होते. जहाज एकच असले तरी माणसाला तेथवर कोणी, कोणत्या हातांनी पोचवले यावर त्याचे पुढचे अस्तित्व ठरते. मृतदेह अलगद उचलणे हा येथे विधी आहे.

या विधीची गरज चिलोएत का भासली असावी, याचा धागा तेथील धर्मजीवनात सापडतो. १६०८ पासून जेझुइट धर्मप्रचारक येथे काम करू लागले. वस्त्या विखुरलेल्या असल्याने त्यांनी 'फिरत्या मिशन'ची पद्धत घातली : कास्त्रोहून होड्यांतून निघायचे, प्रत्येक प्रार्थनामंदिरी थोडे दिवस थांबायचे आणि पुढे जायचे. एखाद्या वस्तीला पाद्री दिसे तो वर्षातून एकदा. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हद्दपार केले, फ्रान्सिस्कन आले, तरी ही चौकट टिकून राहिली. मधल्या काळात प्रार्थना आणि अंत्यसंस्कार वस्तीतलाच 'फिस्काल' नावाचा गृहस्थ सांभाळी. ज्या लाकडी चर्चवास्तूंपैकी सोळा २००० साली जागतिक वारशाच्या यादीत आल्या, त्या बांधणाऱ्या सुतारांची कला नावा बांधण्याच्या कलेशी नाते सांगते. अशा समाजात देह हाती आला तर त्याच्यासाठी प्रार्थना, शवपेटी, दफन अशी सर्व व्यवस्था होती. देह हाती न आलेल्याचे काय? पाद्री होडीतून वर्षातून एकदा येतो. कथेतला बुडालेला मुलगाही समुद्रावरून वर्षातून एकदाच येतो. या सारखेपणातून आम्ही कार्यकारणभाव काढू इच्छित नाही. मात्र अंत्यविधी न झालेल्या माणसाला या कथेने एक ठाव, एक काम आणि भेटीचा एक दिवस दिला, हे उघड आहे. त्याला केवळ 'समजूत घालणे' म्हणणे म्हणजे श्राद्धाला 'समजूत घालणे' म्हणण्यासारखे होईल.

आणि ही कथा नुसती समजूत घालत नाही, ती आरोपही करते. गावातला एखादा व्यापारी अकस्मात श्रीमंत झाला, रात्री त्याच्या धक्क्याकडून साखळ्यांचा आवाज आला, की लोक म्हणत, याचा कालेउचेशी करार आहे. माल तेथून उतरतो. तस्करीचा संशय येथे दंतकथेच्या भाषेत बोलला जातो. चेटक्यांच्या सत्तेविषयीची कुजबुजही नुसती कल्पना नव्हती. १८८० मध्ये आन्कुद येथे 'रेक्ता प्रोविन्सिया' नावाच्या गुप्त संघटनेवर सरकारने खटला चालविला आणि आरोपींत मूळ रहिवासी मोठ्या संख्येने होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चिलोएची तरुण माणसे पातागोनियातल्या मेंढ्यांच्या कुरणांवर मजुरीला जाऊ लागली. १९२१ मध्ये अर्जेंटिनाच्या सैन्याने सांता क्रूस प्रांतातील शेतमजुरांचा संप गोळ्या घालून मोडला, तेव्हा मेलेल्यांत चिलोएचेही बरेच होते. घरची माणसे न परतणे आणि शेजारचा दुकानदार गबर होणे या दोन्ही गोष्टी ज्या समाजाने एकाच वेळी पाहिल्या, त्याने दोहोंसाठी एकच जहाज वापरले. म्हणून त्या जहाजावर आनंदी मृतही आहेत आणि पाय मोडलेले गुलामही.

येथे एका मोहापासून सावध राहायला हवे. १९७३ ते १९९० या लष्करी राजवटीत चिलीत शेकडो माणसे बेपत्ता करण्यात आली. जानेवारी २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिकार्दो लागोस यांनी सैन्यदलांनी दिलेल्या माहितीच्या आधारे जाहीर केले, की त्यांपैकी अनेकांची प्रेते समुद्रात, नद्यांत आणि सरोवरांत टाकण्यात आली होती. देह न मिळालेल्यांची कथा हाताशी असताना, या माणसांनाही कालेउचेवर चढवावे, असे एखाद्या कवीला किंवा समीक्षकाला सहज सुचेल. आम्हांस ते अमान्य आहे. पिनकोयाचे हात समुद्राने नेलेल्यांसाठी आहेत. ज्यांना माणसांनी मारून समुद्रात फेकले, त्यांच्या कुटुंबीयांना नावे, ठिकाणे आणि न्याय हवा आहे. तेथे दिव्यांचे जहाज दाखवणे म्हणजे मारेकऱ्याला पडद्याआड नेणे. पात्रिसिओ गुस्मान यांच्या २०१५ सालच्या 'एल बोतोन दे नाकार' या माहितीपटात समुद्रतळातून काढलेला रुळाचा तुकडा आणि त्याला चिकटलेले एक बटण दिसते. प्रेते वर येऊ नयेत म्हणून त्यांना रूळ बांधले जात. तेथे समुद्र पुराव्याची वस्तू परत देतो, आणि त्या दुःखाला हीच भाषा योग्य आहे. दंतकथेचा आदर करणे यात तिची मर्यादा ओळखणेही येते.

मग वर्गात काय करावे? सूची फेकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. ती हाताशी असावी; तिनेच तर आम्हांस या कथेतली भेग दाखविली. दुर्गा भागवतांनी 'लोकसाहित्याची रूपरेषा' लिहून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, आणि लोककथा तिच्या समाजासह वाचावी हे तत्त्व आपल्या अभ्यासक्रमांत मान्यताप्राप्त आहे. पण प्रश्नपत्रिकेत आजही बहुधा 'कल्पनाबंध ओळखा', 'साम्य दाखवा' असेच विचारले जाते आणि विद्यार्थी कालेउचेपुढे डचमन व पिनकोयापुढे अँडरसन लिहून गुण मिळवतो. त्याऐवजी त्याला तीन साधे प्रश्न विचारावेत : ही कथा कोणाच्या घरी सांगितली जाते? तिच्यात कोण कोणासाठी काय काम करतो? आणि ती कोणावर बोट रोखते? एवढे विचारले तरी जहाज आणि मत्स्यकन्या यांच्यामधला तुटलेला दुवा त्याच्या नजरेस येईल. तुलना त्यानंतर खुशाल करावी.

चिलोएत आज पिनकोयाचे पुतळे आहेत आणि पर्यटकांच्या दुकानांत कालेउचेच्या लाकडी प्रतिकृती विकत मिळतात. जहाज एका फळीवर, मत्स्यकन्या दुसऱ्या फळीवर. दुकानदाराला दोष देण्याचे कारण नाही. वस्तू विकायची तर ती सुटीच विकावी लागते. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ही सवलत नाही. वादळानंतरच्या रात्री त्या दोन फळ्यांमधले अंतर कोणीतरी एक देह हातांवर घेऊन ओलांडते, आणि किनाऱ्यावर कोणीतरी त्याची वाट पाहत असते. कथा त्या दोघांची आहे.